मेहता दांपत्य : परळचे रुग्णालय आणि बडोद्याचे विद्यापीठ

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या पत्नीविषयीचा मजकूर बहुधा शेवटच्या प्रकरणात येतो. 'त्यांच्या या सर्व कार्यात त्यांच्या सुशील पत्नीने त्यांस मूकपणे साथ दिली' असे एक वाक्य लिहिले की लेखकाचे कर्तव्य संपते. ती साथ म्हणजे नेमके काय, ती देणाऱ्या बाईस स्वतःचे असे काही करावयाचे होते की काय, याचा विचार करण्याचे कारण लेखकासही पडत नाही आणि वाचकासही पडत नाही. आम्ही आज ज्या जोडप्याची ओळख करून देत आहोत, त्याच्या बाबतीत हे वाक्य लिहिण्याची सोयच नाही. येथे पती एका संस्थेचा प्रमुख आहे, तर पत्नी दुसऱ्या संस्थेची. पती तुरुंगात गेला आहे, तशी पत्नीही गेली आहे. आणि एका प्रसंगी तर दोघांची अधिकारपदे एकमेकांच्या इतकी जवळ आली की, लोकांस शंका घेण्यास जागा व्हावी. ते जोडपे म्हणजे डॉ. जीवराज नारायण मेहता व श्रीमती हंसाबेन मेहता हे होय.

दोघेही गुजराती. परंतु त्यांचे आयुष्य ज्या दोन शहरांत गेले त्यांपैकी मुंबई ही आपली, आणि बडोदे हेही मराठी माणसास परके नव्हे. गायकवाडांच्या राज्यात कित्येक मराठी कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी बडोद्याचा एखादा मामा अथवा आतेभाऊ निघेलच.

जीवराजभाईंचा जन्म २९ ऑगस्ट १८८७ रोजी काठेवाडातील अमरेली येथे झाला. अमरेली हा मुलूख त्या काळी बडोदे संस्थानाच्या ताब्यात होता, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली प्रथम केला तो याच अमरेली भागात. पुढे १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. प्रयोग सुरू झाला तेव्हा जीवराज पाच-सहा वर्षांचे असतील. घरची स्थिती बेताची. पण हुशारी अशी की, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी पारितोषिकांवर पारितोषिके मिळविली आणि टाटांच्या शिक्षणनिधीच्या साहाय्याने विलायतेस जाऊन एम. डी. ही पदवी घेतली. लंडनमध्ये १९१४ साली आफ्रिकेहून आलेले एक गृहस्थ फुप्फुसाच्या आवरणास सूज येऊन आजारी पडले. डॉक्टर जीवराजांनी त्यांस दूध व धान्य घेण्याचा पुष्कळ आग्रह केला. परंतु रोगी फळांवरच राहण्याच्या आपल्या हट्टावरून तिळमात्र ढळेना. तो रोगी म्हणजे महात्मा गांधी. आत्मचरित्रात गांधीजींनी ही हकीकत स्वतःच नमूद केली आहे. डॉक्टरांचे न ऐकणारे रोगी आमच्या घरोघरी असतात. पण त्यांपैकी एखाद्याच्या मागे पुढे डॉक्टरच जन्मभर चालत गेला, असे मात्र क्वचितच घडते.

आता परळची गोष्ट जरा विस्ताराने सांगावयास हवी, कारण के. ई. एम. रुग्णालयात आपल्यापैकी बहुतेकांचा कधी ना कधी पाय लागलेला असतो, पण ते कोणत्या अटीवर उभे राहिले हे फार थोड्यांस ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत वैद्यकाचे मोठे शिक्षण देणारे कॉलेज म्हणजे सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेज. तेथील अध्यापकांच्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी खात्यातील अधिकाऱ्यांकरिता राखलेल्या असत, आणि त्या खात्यात भरणा गोऱ्यांचा. एखादा हिंदी डॉक्टर विलायतेची सर्वोच्च पदवी घेऊन परत आला तरी त्यास खाजगी धंदा करता येई. आपली विद्या पुढच्या पिढीस द्यावयाची म्हटले तर दार बंद. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय कॉलेजास देणगी देऊ केली ती या दारावर बोट ठेवूनच. त्यांनी अट अशी घातली की, कॉलेजातील सर्व अध्यापक हिंदी असावेत, आणि तेही सरकारी नोकरीतले नसावेत. मुंबईची म्युनिसिपालिटी रुग्णालय चालविण्यास पुढे आली. १९२५ साली कॉलेज आणि १९२६ साली रुग्णालय सुरू झाले, आणि दोहोंचे पहिले डीन म्हणून डॉ. जीवराज मेहता यांची नेमणूक झाली.

ही जोखीम किती मोठी होती हे आज चटकन ध्यानात येत नाही. प्रयोग फसला असता तर 'हिंदी लोकांच्या हाती कॉलेज दिले की असे होते' हा शेरा मारण्यास सारे सरकारी वर्तुळ टपून बसलेलेच होते. शिवाय रुग्णालय परळास, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत; येणारा रोगी बहुधा चाळीतला, आणि त्यातही आमच्या कोकण-घाटावरून पोटामागे आलेला. म्हणजे कॉलेजाची कीर्ती आणि गिरणी-कामगाराची सेवा या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली एकाच माणसास साधावयाच्या होत्या. जीवराजभाईंनी तेथे सुमारे सतरा वर्षे, १९४२ पर्यंत, काम केले. एखादा नामांकित विशेषज्ञ या काळात खाजगी धंद्यात किती द्रव्य मिळविता याचा हिशेब वाचकांनीच करावा. रुग्णालये, शाळा, पाणी व गटारे ही नगरपालिकेची कामे आपण 'सार्वजनिक सेवा' या भारदस्त नावाखाली सहसा घालीत नाही. सभेतील भाषण मात्र घालतो. आमच्या मते हा उलटा न्याय आहे.

हंसाबेनचे माहेर याच्या अगदी विरुद्ध. त्यांचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरतेस, एका विद्याव्यासंगी नागर ब्राह्मण कुळात झाला. आजोबा नंदशंकर मेहता हे 'करणघेलो' या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या, गुजरातीतील पहिल्या मानल्या जाणाऱ्या कादंबरीचे कर्ते. वडील सर मनुभाई मेहता हे प्रथम बडोदे कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे १९१६ पासून १९२७ पर्यंत बडोदे संस्थानचे दिवाण. मुलगी बडोदे कॉलेजातूनच १९१८ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन सन्मानपूर्वक बी. ए. झाली, आणि वृत्तपत्रविद्या व समाजशास्त्र शिकण्याकरिता विलायतेस गेली. तेथे सरोजिनी नायडूंशी परिचय झाला. सरोजिनीबाईंबरोबर ती १९२० साली जिनिव्हा येथील स्त्रियांच्या मताधिकार परिषदेस गेली, आणि १९२२ साली साबरमतीच्या तुरुंगात गांधीजींचे दर्शनही त्यांच्यामुळेच घडले.

१९२४ साली हंसाबेननी जीवराजभाईंशी विवाह केला. जीवराजभाई वैश्य. ब्राह्मणाची मुलगी आणि वैश्याचा मुलगा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह. अनुलोमाकडे काणाडोळा करणारेही प्रतिलोमाचे नाव निघताच ताठ होत. नागर ज्ञातीत मोठा क्षोभ झाला. सयाजीराव महाराजांनी मात्र या विवाहास पाठिंबा दिला. आमच्या वाचकांच्या घरांत हा विषय आजही, म्हणजे शंभर वर्षे उलटून गेल्यावरही, दिवाणखान्यात उदारपणे बोलला जातो आणि माजघरात निराळ्या सुरात, हे आम्ही जाणून आहो. तेव्हा १९२४ साली दिवाणाच्या घरातील मुलीने हे पाऊल उचलले तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांस, विशेषतः बायकांस, ज्ञातीच्या पंगतीत काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. मानाचे पद असल्याने अशा घरास जास्त सोसावे लागते, कमी नव्हे.

मुंबईस संसार थाटल्यावर हंसाबेन रुग्णालयाच्या डीनची बायको म्हणून समारंभांची शोभा वाढवीत बसल्या असत्या तर कोणीही नाव ठेवले नसते. त्यांनी १९२६ साली म्युनिसिपालिटीच्या शाळा समितीत प्रवेश केला. म्हणजे एकाच नगरपालिकेच्या रुग्णालयाची धुरा पतीकडे आणि तिच्या शाळांच्या कारभारात पत्नीचा हात, असा योग जुळून आला. ज्या मजुराचा ताप उतरविण्यास तो डॉक्टर झटे, त्याच मजुराच्या पोराच्या पाटी-पुस्तकाचा विचार ही बाई करी. त्याच सुमारास त्यांची लेखणीही चालू झाली. मुलांकरिता पिनोकिओच्या गोष्टी व गलिव्हरचा प्रवास त्यांनी गुजरातीत आणला. पुढे शेक्सपिअरच्या नाटकांची भाषांतरे केली आणि वाल्मीकिरामायणाची काही कांडेही गुजरातीत उतरविली. तत्त्वज्ञानाची पदवीधर स्त्री लाकडाच्या बाहुल्याच्या गोष्टी सांगत बसली यात कमीपणा मानणारे विद्वान आमच्या पाहण्यात आहेत. त्यांच्या नातवंडांस कोणती पुस्तके वाचावयास मिळतात, हे त्यांनी एकदा पाहावे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबईस देशसेविका संघाच्या स्त्रिया परदेशी कापडाच्या व दारूच्या दुकानांपुढे निरोधनास उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या अग्रभागी हंसाबेन होत्या. त्यांस तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढेही तुरुंगाची वाट दोघांसही सुटली नाही. जीवराजभाई १९४२ च्या चळवळीत स्थानबद्ध झाले.

१९३७ च्या निवडणुकीतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. स्त्रियांकरिता राखीव जागा होत्या. हंसाबेननी राखीव जागेवरून उभे राहण्याचे नाकारले, आणि सर्वसाधारण जागा लढवून त्या मुंबईच्या वरिष्ठ कायदेमंडळात निवडून आल्या. त्यांस शिक्षण व आरोग्य या खात्यांच्या पार्लमेंटरी सेक्रेटरीचे काम मिळाले. पुढे घटना समितीत १९४६ च्या डिसेंबरात बोलतानाही त्यांनी हाच धागा पकडला. स्त्रियांनी राखीव जागा अथवा वेगळे मतदारसंघ मागितले नाहीत. त्यांस हवा आहे तो सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय, असा त्या भाषणाचा आशय होता. राखीव जागांचा प्रश्न आज पुन्हा निराळ्या रूपाने पुढे आला आहे, आणि २०२३ साली तर स्त्रियांच्या राखीव जागांकरिता घटनादुरुस्तीही झाली. हंसाबेनचे मत सर्वांस लागू पडेल असे आमचे म्हणणे नाही. दिवाणाची मुलगी, विलायतेत शिकलेली, भाषणकलेत तरबेज. तिला उघड्या मैदानात उतरणे जमले, म्हणून खेड्यातील शेतकरणीसही जमावे असे नाही. पण मत देणारीने ते आधी स्वतः कसोटीस लावले होते, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

घटना समितीत असतानाच त्या महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. हा काळ १९४६ ते १९४८ चा. १९१६ साली अण्णांनी पाच विद्यार्थिनींवर उभे केलेले हे विद्यापीठ तीस वर्षे होऊनही सरकारी कायद्याच्या मान्यतेवाचून चालले होते. त्याच्या पदव्यांस बाजारात भाव नव्हता, आणि तेथे मुली घालणाऱ्या पालकांस लोक हसत. मान्यतेचा कायदा मुंबई सरकारने १९४९ साली केला. याच वर्षांत हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर हिंदुस्थानच्या प्रतिनिधी होत्या, आणि तेथील जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असाही अर्थ होऊ शकणारा इंग्रजी शब्द काढून त्या जागी 'सर्व मानव' या अर्थाचा शब्द घालण्याबद्दलचा त्यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज घटना समितीस अर्पण केला तोही त्यांनीच.

आता बडोद्याकडे वळू. कारण या दांपत्याच्या चरित्रातील अवघड जागा तेथे आहे.

बडोद्यास कॉलेज १८८१ पासून होते, पण ते मुंबई विद्यापीठास जोडलेले. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ची, कलाभवन १८९० चे, प्राच्यविद्यामंदिराची हस्तलिखिते तर जगभर नावाजलेली. इतके सारे असून संस्थानास स्वतःचे विद्यापीठ नव्हते. सयाजीरावांच्या मनात ते फार दिवस होते. १९२६ साली प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोगही त्यांनी नेमला. पण १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज निवर्तले तोपर्यंत ते घडले नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थानांचे विलीनीकरण सुरू झाले तेव्हा प्रश्न निकराचा झाला. बडोदे एकदा मुंबई राज्यात मिळाले की, स्वतंत्र विद्यापीठाचा कायदा करण्याचा अधिकार संस्थानाकडे उरणार नव्हता. मुंबईच्या दरबारी बडोद्याची मागणी दहांतली एक होऊन पडली असती. या वेळी, १९४८ च्या सप्टेंबरापासून, बडोद्याच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाचे प्रमुख होते डॉ. जीवराज मेहता. सासऱ्याने अकरा वर्षे ज्या गादीची दिवाणगिरी केली, तिचा अखेरचा कारभार जावयाच्या हाती आला. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

एका दिवसाचे अंतर! नव्या नवरीस माहेरून निघताना आई शेवटच्या क्षणी पदरात काही बांधून देते, तसे हे झाले.

आणि या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. ज्यांच्या कारभारात विद्यापीठ जन्मास आले त्यांचीच पत्नी कुलगुरू! 'घरचेच लग्न, घरचाच भटजी' असे कोणी म्हटले तर त्यास आम्ही एकदम दुष्ट ठरविणार नाही. सार्वजनिक पदे घरातल्या घरात फिरू लागली म्हणजे काय होते, हे आपण गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ पाहिले आहे. तेव्हा प्रश्न विचारणे योग्यच. पण उत्तरही नीट तपासले पाहिजे. हंसाबेन या पदावर आल्या तेव्हा एका विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी आधीच सांभाळले होते. शिक्षणखात्याचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. त्या ज्या कॉलेजाच्या विद्यार्थिनी होत्या तेच या विद्यापीठाचे मूळ होते. मुलगे व मुली दोघेही शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू होणारी भारतातील पहिली स्त्री त्या ठरल्या. आमच्या समजुतीने, त्या डॉक्टर मेहतांच्या पत्नी नसत्या तर त्यांची निवड अधिकच निर्विवाद ठरली असती. पतीच्या मोठेपणाने येथे पत्नीचे काम सोपे केले नाही. तिच्या योग्यतेवर उगाच एक सावली पाडली.

ही सावली पुढेही राहिली. विलीनीकरणानंतर जीवराजभाई मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात गेले आणि पुढे अर्थमंत्री झाले. म्हणजे राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या पतीकडे, आणि त्याच राज्यातील एका नव्या, हात पसरावयास लागणाऱ्या विद्यापीठाची जबाबदारी पत्नीकडे. पतीची कचेरी मुंबईस, पत्नीची बडोद्यास. पतीने साठी ओलांडलेली, पत्नीस तिची चाहूल लागलेली. या वयात आपल्याकडील जोडपी एकमेकांची पथ्ये सांभाळीत ओसरीवर बसतात.

नऊ वर्षांत, म्हणजे १९५८ पर्यंत, हंसाबेननी काय केले? सर्वच सांगावयाचे तर लेख लांबेल. आम्ही त्यातील दोनच गोष्टी घेतो.

पहिली ललितकलेची. १९५० साली त्यांनी चित्र व शिल्प यांस विद्यापीठात स्वतंत्र शाखेचा दर्जा दिला. तोवर चित्रकार म्हणजे पदविका घेतलेला कारागीर, पदवीधरांच्या पंगतीस न बसणारा, अशीच समजूत होती. मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता. चित्रकला शिकविण्यास आपले इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पास शंखो चौधरी, आणि लवकरच के. जी. सुब्रह्मण्यन. यांच्या हाताखालून निघालेल्या पिढ्यांनी देशाच्या चित्रकलेत 'बडोद्याचे' म्हणून नाव मिळविले.

दुसरी गृहविज्ञानाची. हीही शाखा त्याच सुमाराची. विद्यापीठात स्वयंपाक शिकवितात म्हणून त्या वेळी थट्टा करणारे थोडे नव्हते, आणि दुसऱ्या बाजूने 'शिकलेल्या मुलीस शेवटी चुलीकडेच धाडले' असे म्हणणाऱ्याही होत्या. आम्हांस दोन्ही आक्षेप वरवरचे वाटतात. अन्नातील पोषण, बालकाची वाढ, घराचा जमाखर्च, वस्त्राची पारख ही कामे आमच्या आज्या-पणज्यांनी हयातभर केली. ती करताना त्यांनी जे पाहिले व जाणले त्यास कोणी विद्या म्हटले नाही, म्हणून ते त्यांच्याबरोबरच गेले. ज्या विद्यापीठात पुलाचे बांधकाम हे शास्त्र ठरते, तेथे तान्ह्या मुलाचे पोषण हे शास्त्र का ठरू नये? जीवराजभाई परळास जे रोगी पाहत आले त्यांपैकी किती जण केवळ निकस अन्नाने रुग्णालयाच्या पायरीपर्यंत आले असतील! पती जेथे इलाज करी, तेथून चार पावले मागे जाऊन पत्नीने शाळा घातली, असेही या शाखेकडे पाहता येईल. समाजसेवेच्या शिक्षणाची शाखाही याच वर्षांतील. बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालयही १९४९ चेच.

प्राच्यविद्यामंदिर विद्यापीठाच्या छत्राखाली आल्यावर तेथे १९५१ साली वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. देशभरची हस्तलिखिते ताडून पाहण्याचे ते काम सुमारे पाव शतक चालून १९७५ साली पुरे झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताकरिता जे केले, तेच बडोद्याने रामायणाकरिता केले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री जीवराजभाई झाले. मुंबई कोणाची या वादात दोन्हीकडे पुष्कळ कडवटपणा आला होता. परळच्या रुग्णालयाचा पहिला डीन आता शेजारच्या राज्याचा मुख्यमंत्री झाला, हे पाहून परळच्या जुन्या परिचारिकांस व डॉक्टरांस काय वाटले असेल ते त्यांचे त्यांस ठाऊक. १९६३ साली ते पद गेले, आणि ते लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून १९६६ पर्यंत राहिले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शहरात ते टाटांच्या पैशाने शिकले, तेथेच ते देशाचे प्रतिनिधी होऊन गेले. हंसाबेनना १९५९ साली पद्मभूषण मिळाले होते. ऐंशी उलटल्यावर, १९७१ साली, जीवराजभाई आपल्या जन्मगावच्या अमरेली मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचा अंत झाला.

हंसाबेन त्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळ जगल्या. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या. बडोद्याच्या विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. मुले-मुली तेथे परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलेली असतात.